हलक्या हाताने वाटलेली पावडर

मॅडम, आज कॉलेजच्या लॅबमध्ये गेलेलो. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी दाराशी पोचलं की चप्पल अजून आपोआप बाहेर निघते.

तो दिवस तुमच्या लक्षात असेल. माझ्या मागच्या टेबलावर काम करायची ना, ती; वर्गातल्या एकाने तिची चेष्टा केली म्हणून मी त्याची कॉलर धरलेली, आणि ती मलाच म्हणाली, "माझं मी बघते, तू हिरो बनू नकोस." तो सगळा राग घेऊन मी भट्टीतून निघालेली पावडर खलात ओतली. लाल चमकण्यासाठी युरोपियम घातलेली, पांढरी, लाहीसारखी फुललेली. घसाघस वाटली. अतिनील दिव्याखाली धरतो तर लाल उजेड कसला, विझत आलेला निखारा. तुम्ही चष्मा वर सरकवता. "अरे, हिने काय घोडं मारलंय तुझं? डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक कण हे. जोर लावलास की त्यांची आतली घडी मोडते, मग उजेड देतील कुठून?" मागच्या टेबलावर ती फिसकन हसते. तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणता, "हसतेस काय? वाटायला शिकव त्याला, हलक्या हाताने." त्या तासाभरात मी कामातून गेलो, मॅडम. अजून आलेलो नाही.

शेवटच्या वर्षी पुन्हा मारामारी. कॉलेजवाले माफी माग म्हणाले, मी कॉलेजच सोडलं. तुम्ही ठाकुर्लीला आमच्या खोलीवर आलात, जिने चढून धापा टाकत. आईच्या हातचा चहा प्यायलात, त्यातल्या आल्याचं कौतुक केलंत. निघताना मला फक्त, "राग उतरला की ये." तो उतरायच्या आधीच तुम्ही गेलात.

आता मानपाड्याला कामाला आहे. जिन्यावर लावायच्या, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या बनवतो. रंगात पावडर मिसळताना सुपरवायझर बोंबलतो, "फास्ट फिरव ना भाई, खीर करतोयस काय?" मी हळूच फिरवतो.

ती म्हणते, "राहिलेलं वर्ष पूर्ण कर, मग घरी लग्नासाठी तुझं नाव काढते." पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून गेलेलो. नव्या सरांनी विचारलं, "कोणाकडे काम आहे?" तोंडातून निघून गेलं, "मॅडमकडे." सरांनी स्टूल पुढे सरकवलं. बसलो. सोमवारपासून येतो, सांगून आलो.

ती जाम खूश आहे. तिला वाटतंय, मी तिच्यासाठी परत गेलो. मी वाटू देतोय. तेवढं आपल्या दोघांत राहू दे.