मालकीचा रकाना

४ नोव्हें.
सकाळी गेमच्या मशीनने तीनदा डिस्क नाकारली. चौथ्यांदा घेतली, मध्येच अडकली. बाबा गेमचा तारेचा रिमोट मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसले.
होळीनंतर लकव्याचा झटका आला तेव्हापासून उजवा हात असाच. फिजिओच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी बकरीला फेकून मारला. दोरी ओढायचा व्यायाम दोन दिवसांत सोडला. फक्त या मासेमारीच्या गेममध्ये अंगठा फिरतो. गरी टाकायची, चाक फिरवत मासा ओढायचा. धाकटा मंगेश आठवीत होता तेव्हाची मशीन, मीच माळ्यावरून काढली. सती नदीवर जाता येत नाही, म्हणून टीव्हीतला तलाव. फिजिओबाईंनी बजावलंय, अंगठा थांबू देऊ नका, आखडेल. आणि आता मशीनच थांबतेय.

६ नोव्हें.
मशीन गडचिरोलीला दाखवून आणली. कारागीर म्हणाला, "ताई, याची लेन्स आता कुठीच भेटत नाई." जाण्यायेण्यात दिवस गेला.
मंगेशला पुण्याला फोन. तो म्हणतो, लॅपटॉपवर एम्युलेटर टाक, तो जुन्या मशीनचं सोंग घेतो. फक्त तिचं फर्मवेअर लागतं, म्हणजे चालू होताना मशीन आधी जे वाचते ते. "नेटवर पडून आहे ताई. दोन मिनिटाचं काम."
कुरखेड्यात पोरांना कॉम्प्युटर मी शिकवते, आणि हे मला भावाने सांगावं!

७ नोव्हें.
दोन नाही, वीस मिनिटं लागली, गेमही नेटवरूनच घेतला. पण चाललं! बाबांनी पहिल्याच गरीला मोठा मासा ओढला. मग रिमोट तसाच धरून,
"हे कुठून आणलं?"
"नेटवरून."
"टीपी?"
"बाबा, फाइल आहे ही. लाकूड नाई."
"आपल्या मशीनमधलं आहे का दुसऱ्याच्या?"
"दुसऱ्याच्या. पण सेमच असते."
"सागही सेमच असते."
रिमोट खाली. संपलं.
बत्तीस वर्षं वनरक्षक, त्यातली निम्मी नाक्यावर. स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा पास, म्हणजे त्यांची ती टीपी, दाखवल्याशिवाय गाडी पुढे गेली नाही. आत्याच्या लग्नातला पलंग दोन दिवस नाक्यावर उभा होता. ती अजून बोलत नाही धड.
मी चिडले. "हात जाईल तुमचा." "जाऊ दे." सगळं पुसून टाकलं.

९ नोव्हें., रविवार
दुपारभर वाचत बसले. नेटवरून उतरवणं म्हणजे कंपनीच्या हक्काची वस्तू न विचारता घेणं. बाबा बरोबर निघाले, हेच जास्त झोंबलं. सरळ रस्ता एकच दिसतो. आपल्या मशीनमधून आपणच काढायचं, आपल्यापुरतं ठेवायचं, कुणाला द्यायचं नाही. त्यावरही जाणकारांचं एकमत नाहीच, पण चोरी तरी नाही.
बाबांना सांगितलं. विचार करून म्हणाले, "आपलं झाड, आपल्या घरी. चालते."
एक मेमरी कार्ड मागवलंय. त्यात छोटा प्रोग्रॅम असतो, तो फर्मवेअर पेन ड्राइव्हवर उतरवतो. डिस्क लागत नाही, लेन्स मेली तरी चालेल.

१७ नोव्हें.
कार्ड आलं. मशीनला पेन ड्राइव्ह दिसेना. तासभर पिना काढल्या-घातल्या, मशीनला दोन शिव्या दिल्या. मग उजेड पडला. पेन ड्राइव्ह नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, मशीन बिचारी जुनी. पोरांना हेच शिकवते मी, काय सांगायचं.
जुन्या पद्धतीने केला, लगेच दिसला. फाइल उतरली. चार एमबी! एका फोटोएवढी. क्लासच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेमच्या डिस्कची प्रत केली. बाबांनी आतापर्यंत धरलेले मासे ज्या कार्डात आहेत, तेही उतरवलं.
चालू करणार, तेवढ्यात मागून आवाज. "थांब. आधी पंचनामा."

१८ नोव्हें.
खरंच केला. शेजारच्या कुमरेबाईंना पंच म्हणून बोलावलं.
"जोहार भाऊ. काय चोरीले गेलं?"
"काईच नाई. चोरी झाली नाई, त्याचाच पंचनामा आहे."
बाई हसल्या, पण पदर सावरून नीट बसल्या. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. मशीन एक, रंग काळा, मागच्या बाजूचा नंबर अमुक. फाइल कशातून निघाली, कोणासमोर. मग पुढचा रकाना: मालकी कशी आली.
"बिल कुठी आहे बाबा?"
बाबा मशीनचा नंबरच परत वाचू लागले.
"मंगेशच्या वाढदिवसाले आणली ना तुमी?"
"ठेव ते." काठी न घेताच उठले. कुमरेबाईंनी धरलं म्हणून, नाहीतर...

२० नोव्हें.
आज बोलले. अंगणात, चहा तसाच निवलेला.
"बिल नाई. मी घेतलीच नाई ते मशीन. बांबूच्या ठेकेदारानं आणून देल्ली, पोराचा वाढदिवस आहे म्हणून. मी नाई म्हटलं. तवरक मंगेशनं डबा खोलला."
निवलेला चहा बाजूला सरकवला.
"दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याचा बांबूचा ट्रक आला. मी मोजला नाई, जाऊ देल्ला."
"एकच?"
"एकच."
राग आला. आत्याचा पलंग आठवला. मग लाज वाटली, कारण त्या वर्षी सुट्टीत मशीनवर सगळ्यांत जास्त मीच खेळले होते. बाबा त्या खोलीत यायचेच नाहीत. आम्हाला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो. इतक्या वर्षांत हात लावला नव्हता, तो यंदा लावला. तोही या हातासाठी.

२१ नोव्हें.
मंगेश: "सोड ना ताई. कोण विचारून राह्यलं आता?"
मी बाबांना म्हटलं, ठेकेदाराला परत पाठवू. एकदम तडकले. "त्याचं काय आहे त्याच्यात? बांबू कुठचा होता?"
बांबू कुमरेबाईंच्या माहेरच्या जंगलातला होता. आणि पंच त्यांनाच बसवलं होतं आम्ही.

२४ नोव्हें.
बाबांनी त्यांना स्वतः सांगितलं. मी चुलीपाशी उभी. कुमरेबाई बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या.
"तवा बांबू खात्याचा होता भाऊ. आमी आमच्याच जंगलातून लपून आणो. पकडत होते तुमी."
"हो."
"माह्या बापाले पकडलं होतं."
"हो. माहीत आहे."
"आता कायद्यानं बांबू ग्रामसभेचा आहे. तिथी येऊन सांगा. मी एकटी काय माफ करू?"
उठून गेल्या. रागात नाही, हसतही नाही. संध्याकाळी मात्र वालाच्या शेंगा पाठवल्या.

२ डिसें.
उद्या कुमरेबाईंच्या माहेरच्या गावची ग्रामसभा. त्या सोबत येणार आहेत.
मशीन पोत्यात बांधून दाराशी ठेवली आहे. बाबा म्हणतात, सोबत न्यायची, ठेवून घ्या म्हटलं तर ठेवून यायची. पंचनामाही न्यायचा. रकाना अजून कोरा आहे. तिथे काय लिहायचं ते त्या लोकांनी सांगावं म्हणे.
लॅपटॉपवर सगळं तयार आहे. बाबांनी एकदाही उघडू दिलं नाही. मशीन तिकडेच राहिली तर तिच्यातून काढलेली फाइलही मला पुसावी लागेल. हे मी त्यांना विचारलं नाही. नाक्यावर आयुष्य गेलं त्यांचं, त्यांना ठाऊक असणारच.
दुपारी फिजिओबाईंचा फोन. "अंगठा चालू आहे ना?" बघून सांगते म्हटलं.  सात नोव्हेंबरनंतर बाबांनी रिमोट हातात धरलेला मी पाहिला नव्हता.
बाबा ओसरीवर. रिमोट मांडीवर, तार कशालाच जोडलेली नाही, जमिनीवर लोंबतेय. अंगठा हळूहळू गोल फिरत होता. ओठही हलत होते.
"काय करून राह्यले बाबा?"
"मोजून राह्यलो. बोलू नको, चुकते."