गॅमा एकावरच

सोमवार, ३ जून
लागली बाई एकदाची नोकरी! फोटो स्टुडिओत लोकांचे जुने फोटो स्कॅन करायचे. रस्त्याकडे मोठी खिडकी, गुबगुबीत खुर्ची आणि लेकीची शाळा दोन इमारती सोडून. शाळा सुटल्यावर ठमीला आता शेजाऱ्यांच्या दारात बसायला नको. मालकांनी स्वतः सगळं समजावलं. ब्राइटनेस वाढवला की सगळंच चित्र पांढरं पडतं. कॉन्ट्रास्ट वाढवला की काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं. गॅमा वाढवला की नुसता अंधार उघडतो, त्यात दडलेलं दिसायला लागतं. पहिले दोन हवे तसे फिरवा ताई, म्हणाले, गॅमा मात्र एकावरच. का, ते काही सांगेनात. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय!

बुधवार, ५ जून
एका आजींच्या लग्नाचा फोटो आला. नवरीचं तोंड काळंकुट्ट. ब्राइटनेस वाढवला तर मागची भिंत पांढरी होऊन उडाली, तोंड तसंच. म्हटलं, गेला तो नियम खड्ड्यात, आणि गॅमा १.८ केला. चेहरा काय सुरेख उघडला! मागे कोपऱ्यात एक उंच, वाकलेला माणूसही दिसला. आजी म्हणाल्या, तिथे कुणी नव्हतं, कपाट होतं. वय झालंय, मी मनात हसले. दर वेळी आकडा कोण घालत बसणार? १.८ कायमचा सेव्ह करून टाकला.

गुरुवार, ६ जून
दुसरंच कुटुंब, दुसरंच घर. जिन्याखाली तोच माणूस. स्कॅनरची काच घासूनपुसून पुन्हा स्कॅन केलं. तो एक पाऊल पुढे.
जाता जाता ठमीचा शाळेच्या फॉर्मचा फोटो स्कॅन केला. घाईत आकडा बदलायचा राहिला.

शुक्रवार, ७ जून
न राहवून मालकांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, तुमच्या आधीच्या बाईंनीही हेच केलं होतं. दिसला की तो पुढे येत राहतो. घरचा फोटो तर काचेवर ठेवला नाहीत ना?
काल ठमीचा ठेवला होता.

शनिवार, ८ जून, सकाळ
ठमीचा फोटो उघडला. मागे पांढरा पडदा, अंधार कुठेच नाही. जीव भांड्यात पडला. मग तिचे डोळे मोठे करून पाहिले. दोन्ही बुबुळांत तो. म्हणजे तिच्या समोर उभा.

दुपारी बारा
शाळा लवकर सुटली. ठमी इथे बाकावर चित्र काढतेय. मी गॅमा एकावर आणला — तो गेला. तेवढ्यात ठमी किंचाळली, आई, दिवे का घालवलेस? बाहेर लख्ख ऊन —
परत १.८. दिसतंय म्हणाली. पण बुबुळांत आता नुसता चेहरा. त्याचा.

साडेबारा
मालक म्हणतात, पोर आणि तिचे डोळे, दोन्ही नाही मिळायचं. आधीच्या बाईंनी एकावरच ठेवला. त्यांचा मुलगा आता पांढरी काठी टेकत चालतो. पण आहे.
मी आई असून माझ्या पोरीला आंधळी करू? नाही. नाही करणार. १.८ —

पाऊण
ठमी पेन्सिल ठेवून उठली. काका बोलावतायत म्हणे. कुठले काका — मला कुणीच —
एकावर आणला. दिसलं नाही तरी चालेल गं ठमे, तू फक्त —
ती रडली नाही. म्हणते, अंधार झाला तरी भीती नाही आई, काकांनी हात धरलाय, ते नेतील ति