बाबांच्या नावावर ते छापू नकोस

भिलाई, १२ जानेवारी

चि. सुगत, ताईचा जय भीम.

सुखरूप पोचले. वेळेवर जेवते, ड्युटीवर जाते. आईला एवढंच सांग. पुढचं तुझ्यासाठी आहे.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला ते पाहुणे माइकवर म्हणाले, "अणूचा शोध बुद्धांनीच लावला. तुमचे गुरुजी हेच शिकवायचे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसले, त्याची चीड अजून जात नाही. आणि आता तू ते भाषण स्मरणिकेत छापतोयस?

अरे, बाबांनी असं कधी शिकवलं? पुस्तकात लिहिलंय म्हणून पाणी शंभर अंशाला उकळतं असं मानू नका, म्हणत आपल्याला स्टोव्हसकट कळसूबाईवर चढवणारा माणूस तो. वर पंचाण्णवलाच उकळलं तेव्हा किती हसले होते! "बुद्धांनी विज्ञान न्हाई दिलं रं, तपासून बघायची सवय दिली," म्हणायचे.

त्यांना जाऊन महिना झाला नाही, आणि पोटच्या पोरांनीच त्यांच्या तोंडी खोटं घालायचं? ते पान काढ. पाहुणे रागावले तर माझं नाव सांग.

आईचा खोकला कसा आहे? औषध घेते का?

बाबा असते तर त्यांनी तिथंच विचारलं असतं, "कशावरून?" आता त्यांना विचारता येत नाही, म्हणून मी विचारतेय. मला उत्तर पाठव.

तुझी ताई,
विशाखा