पाचव्या नंबरची प्रश्नावली

मॅडम, आज दुपारी माझ्या केबिनमध्ये एक मुलगी रडली आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही असतात तर आधी पाणी दिलं असतंत आणि मग सोलून काढलं असतंत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. कृषी अर्थशास्त्र आता मी शिकवतो, खुर्चीही तुमचीच आहे, फक्त गादी बदललीय. आम्ही तुमच्याबद्दल पाठीमागं जे बोलायचो, त्याहून वाईट मुलं माझ्याबद्दल बोलतात. मला त्याचं काही वाटत नाही.

मुलगी बिडकीनकडची. बाप वाळूजला कंपनीत, शिफ्टची बस धरून जाणारा. तिला एम.एस्सी.साठी बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठात अर्ज करायचाय आणि त्यासाठी माझी शिफारस हवीय. हुशार आहे, हे मी नाकारत नाही. पण कापूस वेचणाऱ्या तीस बायकांची पाहणी केली म्हणून तिनं जी प्रश्नावल्यांची चळत आणली, तिच्यातलं खोटं मला पाच मिनिटांत कळलं. एकीचं वय सदतीस, दुसरीचं त्रेचाळीस, तिसरीचं एकोणतीस. भर उन्हात वाकून कापूस वेचणारी बाई असं वय सांगते होय? ती म्हणते, 'असंल चाळीस, लिवा काय बी.' हे सगळं घरी बसून भरलेलं होतं. विचारलं तेव्हा तिनं आढेवेढे घेतले नाहीत. आई दवाखान्यात होती म्हणाली. 'सर, अर्जाला अजून दहा दिवस आहेत. मला आठ द्या फक्त. सगळ्या बायांना परत विचारून आणते.' मी म्हणालो, 'आणि ते खरं असेल कशावरून?' तेव्हा ती रडली.

आठ दिवस म्हणाली आणि तुम्ही आठवलात.

वर्ग भरलेला आहे. मी तिसऱ्या बाकावर उभा आहे आणि तुमच्या हातात माझ्या तीस प्रश्नावल्या आहेत, आमच्याच वस्तीवरच्या तीस मेंढपाळांच्या. त्या मी होस्टेलच्या खोलीत भरल्या होत्या. दहा निळ्या पेननं, दहा काळ्या, उरलेल्या पेन्सिलनं, आणि शेतातून आल्यासारखे दिसावेत म्हणून कागद मागच्या अंगणातल्या मातीत घोळले होते. मेंढरांत जन्मलेल्या पोरानं मेंढपाळांना काय विचारायचं, असा माझा माज होता. तुम्ही वरची तारीख वाचता. 'जानेवारीत वस्तीवर कोण असतं रे?' दिवाळी झाली की आमची मेंढरं गोदाकाठानं खाली उतरतात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, तोवर वस्तीवर म्हाताऱ्या आणि कुत्री. हे तुम्हाला मीच सांगितलेलं. दुसऱ्या कुणाची ही चूक खपली असती, माझी खपली नाही. वर्ग हसला. मग तुम्ही पाचवा कागद वर धरलात. एरवी तुमची भाषा पुस्तकी, पण संतापलात की गावाकडची बोली बाहेर यायची. 'ह्यो तर तुझा बाप हाय. सख्ख्या बापालाबी इचारलं नाय व्हय रे? का त्यो इचारायच्या लायकीचा नाय?' त्यावर कुणी हसलं नाही. तुमचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

तरी रविवारी तुमच्या सिडकोतल्या घरी आलो. मलाही बाहेरच अर्ज करायचा होता आणि तुमच्या पत्रावाचून तो कुणी उघडूनही पाहिला नसता. तुम्ही स्वयंपाकघरातून बोलावलंत आणि मेथीची जुडी पुढ्यात टाकलीत. 'निवड. हात रिकामे ठेवून माझ्या घरात कुणी रडत नाय.' मी निवडत राहिलो. तुम्ही भाकरी थापत, मध्येच पीठ झटकून, माझा अर्जासोबतचा निबंध वाचलात. पहिलंच वाक्य होतं: 'मी मेंढपाळाचा मुलगा, मी हा धंदा करू नये, शिकावं, ही माझ्या वडिलांची इच्छा.' त्याखाली तुम्ही लाल रेघ मारलीत आणि म्हणालात, 'ह्या वाक्यावर तुझी निवड होईल.' तुमच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. जाताना तुमचं चिमट्याचं पॅड हातात दिलंत. आठ दिवस. मेंढरांमागं चालायचं, खरं लिहून आणायचं आणि प्रत्येक कागदाखाली सही नाहीतर अंगठा घ्यायचा, मग पत्र. ते पॅड अजून माझ्याकडं आहे, हे त्याच्यावरच लिहितोय.

मी चाललो. पैठणच्या पुढं एका कापणी झालेल्या शेतात आमचा तळ सापडला. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. एकेकाला विचारत गेलो आणि तुमचं खरं निघालं, अर्ध्याहून जास्त उत्तरं मी मनानं भरली होती त्याच्या उलट होती. वडिलांचा, म्हणजे आबांचा, पाचवा नंबर शेवटाला ठेवला होता. ते कोकराला पाजत उकिडवे बसले होते.

'हे कोन इचारतंय? तू, का तुझी बाई?'

'बाई.'

'मंग नीट इचार.'

कोकरू खाली ठेवून, हात धोतराला पुसून ते नीट बसले. सरकारी साहेबापुढं बसावं तसे. सगळ्या प्रश्नांना सावकाश उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न होता, मुलानं हाच धंदा करावा असं वाटतं का? आबांनी कोकराला पुन्हा जवळ ओढलं.

'व्हय,' म्हणाले. 'वाटतं ना. लई वाटतं. येकला मानूस हाय मी. पन तू काय आता येत नाय.'

तुम्ही ते तीस कागद वर्गात फिरवलेत, कष्टाचं काम कसं असतं ते बघा म्हणून. पत्रात लिहिलंत, या मुलानं कागदावर लिहिलेला शब्द मी डोळे मिटून मानते. माझी निवड झाली. मी तिकडं शिकत असताना आबांनी मेंढरं विकली. घेणाऱ्या माणसाबरोबर दोन कोस चालत गेले, असं चुलता सांगतो. ते लाल रेघेचं वाक्य मी पुढं सगळीकडं वापरलं, मुलाखतीत, सत्कारात, पहिल्या दिवशी वर्गात. आबा आता माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसतात आणि पाहुण्यांना आपणहून सांगतात, 'म्याच म्हनलं व्हतं त्याला, मेंढरामागं लागू नगं.' त्यांना ते आता खरंच वाटतं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्या मुलीच्या शिफारशीचा फॉर्म मी चारच्या सुमारास उघडला. अर्जदाराच्या सचोटीबद्दल एक रकाना असतो. लिहिलं, हिनं न केलेली पाहणी केली म्हणून दाखवली, संशोधनासाठी ही विश्वासाची नाही. पाठवून दिलं. आता ते मागं घेता येत नाही. सहा वाजता तिचा मेसेज आला: 'सर, पत्र द्या नाहीतर नका देऊ, मी उद्यापासून शेतात जातेच आहे.' मी उत्तर दिलं नाही. तुम्ही मला आठ दिवस दिलेत, मी तिला एकही दिला नाही. तुमच्याहून कडक निघालो, असं लोक म्हणतील.

तुम्ही असतात तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. आताही घडी घालून ह्याच पॅडला लावून ठेवणार आहे. फक्त एक राहिलं. पाचव्या नंबरच्या शेवटच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, मॅडम. अर्जातलं वाक्य आधीच ठरलं होतं. आबा समोरच बसले होते. त्यांना वाचता येत नाही. मी बोट दाखवलं तिथं त्यांनी अंगठा दिला.