आधी वाक्य, मग हिसका

सोमवार, ६ मे

डॉयलने होडीवर पाटी लावली — विकणे आहे. अक्षरं एवढी थोराड की तलावाच्या पलीकडच्या काठावरून वाचता यावीत.

हातातलं पातेलं तसंच घेऊन मी अंगणात गेले. "हे काय काढलंयस?" तर म्हणे, "रॉइस गेला. आता कुणाबरोबर जाऊ?" रॉइस, त्याचा मासेमारीचा सोबती, मेलेला नाही. टेक्सासला लेकीकडे राहायला गेलाय. पण ह्याचा चेहरा असा की आत्ताच मूठमाती देऊन आलाय.

"माझ्याबरोबर जा," मी म्हणाले. तो हसला. लग्न झाल्यापासून हे दोघं मासे धरणार आणि मी काठावर कढई सांभाळणार, असंच चालत आलंय. हसला नसता तर मी पुढे बोललेही नसते. आता मात्र हट्टाला पेटले. जूनमध्ये चर्चची जोडप्यांची मासेमारीची स्पर्धा असते. त्यात माझं नाव घाल म्हटलं.

मग म्हणाला, "त्या दिवशी स्वतःच्या हाताने एक मासा होडीत आणलास, तर पाटी काढतो. पण काठी आणि दोरी तुझी तू निवडायची. माझ्या काठ्यांना हात नाही लावायचा."

ठीक आहे. ती होडी गेली तर हा माणूस दिवसभर व्हरांड्यात बसून माझ्या स्वयंपाकात खोड्या काढेल. मला ते परवडणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहरा पहाटे तलावाकडे निघताना जसा असतो, तसा मला बघायचा असतो.

गुरुवार, ९ मे

लॅमारच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. ट्रक मीच चालवला — डॉयलचा गुडघा हिवाळ्यापासून धरलाय. तो बाहेर बाकावर उकडलेल्या शेंगा खात बसला, आत यायला तयार नाही. "निवड तुझी," म्हणे.

आमच्या चर्चच्या स्पर्धेत नियम एकच: आमिष पाण्यावर तरंगणारं हवं. खाली बुडवून, तळाशी खरवडून बास मासा पकडणं म्हणजे चोरी, असं जुन्या पाद्रीबुवांचं मत होतं. ते गेले, नियम राहिला. लाकडाची रंगवलेली मासोळी पाण्यावर नागमोडी चालवायची, आणि बासने खालून येऊन झडप घालायची.

लॅमार म्हणाला, "मिस नेल्डा, घ्यायची तर चांगलीच घ्या." लांबलचक, कडक काठी हातात दिली. वर काचेसारखी दोरी. "पाण्यात दिसतच नाही. माशाला पत्ता लागत नाही बघा." महाग होती म्हणून चांगली असणार असं मला वाटलं. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, तिथे महाग पातेलं पहिलं करपतं हे मला माहीत आहे. तरी घेतली!

डॉयलने शेंगांची सालं जरा जोरात फेकली.

शनिवार, ११ मे

फजिती.

मी पाच फुटांची, काठी माझ्या दीडपट. मासोळी चालवायला टोक खाली झटकावं लागतं, तर टोक दर वेळी पाण्यावर फटकन आपटतं. आणि ती न दिसणारी दोरी पाण्यात बुडते! बुडताना मासोळीचं नाक खाली ओढते. नागमोडी कुठलं, नुसती बुडून मेलेल्यासारखी येते.

"काठी वाईट आहे," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," होडीतल्या पुढच्या खुर्चीवरून डॉयलचं उत्तर आलं.

थोड्या वेळाने म्हणाला, "पण अंगणही वाकडंच आहे म्हणा."

एकदा मासा आला. पाणी फुटलं, मी दचकून हिसका दिला, मासोळी उडून माझ्याच टोपीत रुतली. मासा तोंड उघडून राहिला असेल बिचारा.

रविवार, १२ मे

हात दुखतोय. चर्चमध्ये भजनाचं पुस्तक डाव्या हाताने धरलं. डॉयलने पुस्तक घेतलंच नाही. त्याला सगळी पाठ आहेत, म्हणे.

बुधवार, १५ मे

लॅमारने ती दोरी परत घेतली, तोंड वाकडं करत. बदल्यात विणलेली दिली, वेणीसारखी. ही बुडत नाही, तुटत नाही. पण एवढी मऊ की जरा ढील पडली की मासोळीच्या गळांभोवती गुंडाळी. संध्याकाळभर मी मासे धरले नाहीत, गुंते सोडवले.

गाठी डॉयल मला मारायला लावतो. त्याच्याही काठीच्या. "सराव होतो," म्हणे. सराव माझा, काम त्याचं! चांगली युक्ती आहे.

शनिवार, १८ मे

मिळाली!

लॅमारच्या दुकानात मागच्या दाराशी एक पिंप आहे, त्यात लोकांनी टाकलेल्या काठ्या. कडक काठी परत द्यायला गेले होते, तर त्या पिंपात सायीच्या रंगाची एक दिसली. जुनी, आखूड, माझ्या डोक्याच्या जरा वर. हलवली तर नुसतं टोक नाही, अर्ध्यापर्यंत लवते. आपल्या जुन्या उलथण्यासारखी, जी वाकते म्हणून धिरडं मोडत नाही.

लॅमार म्हणाला, "मिस नेल्डा, ती तर आजीबाईंची काठी आहे."

"मग बरोबर ठिकाणी पोचली," मी म्हणाले.

दोरीही साधी घेतली, नायलॉनची, जी माझे वडील वापरायचे. तरंगते, थोडी ताणते, आणि गळांभोवती गुंडाळायला पुरेशी मऊ नाही.

बाहेर येऊन काठी डॉयलच्या हातात दिली. त्याने ती बघितलीसुद्धा नाही. डोळे मिटले, मुठीपासून टोकापर्यंत बोटं फिरवली, दोरी ओवायच्या प्रत्येक कडीत करंगळीचं नख घालून चाचपलं. मग टोक माझ्या खांद्यावर टेकवून हळूच वाकवलं. म्हातारा नाटकी आहे. पण म्हणाला, "नेल्डा, मीसुद्धा हीच घेतली असती."

घरी येताना मी शीळ वाजवत होते.

मंगळवार, २१ मे

काठी मिळाली तरी माझी घाई जात नाही. पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो. मासोळी माशाच्या तोंडात शिरायच्या आधीच मी ती काढून घेते. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

डॉयल म्हणाला, "डोळ्यांनी हिसका देऊ नकोस. वजन हाताला लागू दे. झडप आली की आधी एक वाक्य पूर्ण म्हण, मग काठी उचल."

"कुठलं वाक्य?"

"तुझंच. देव तुझं भलं करो. दिवसातून वीसदा म्हणतेस."

म्हणते खरी. आमच्याकडे बायका कुणाला तोंडावर गाढव म्हणत नाहीत. मान तिरकी करून, गोड आवाजात, देव तुझं भलं करो म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं.

"आणि मोठ्याने म्हण. माझ्या मासोळीवर झडप आली तरी म्हण, कुणाची ते सांग. सवय होते."

तलावभर ओरडत बसू? रॉइसचं एक बरं होतं. मासा लागला की खणखणीत आमेन म्हणायचा, काठावर ऐकू यायचं. शेवटची दोन वर्षं तर प्रत्येक माशाला. पाद्रीबुवा त्याच्यावर फार खूश होते.

सोमवार, २७ मे

वाक्य म्हटलं. पूर्ण म्हटलं. काठी उचलली, आणि वजन होतं! वीतभर बास. डॉयलने त्याला तळहातावर धरून बराच वेळ बोटं फिरवली, मग सोडून दिला. मी सोडला नसता.

गुरुवार, ३० मे

संध्याकाळी जेवून तलावावर. जेवण म्हणजे खारी बिस्किटं आणि डब्यातले सॉसेज, होडीत दुसरं काही चव देत नाही. वारा नव्हता. पाण्यावर झाडं उलटी उभी होती, आणि माझी मासोळी त्यांच्यातून डावी-उजवी, डावी-उजवी चालत येत होती, मी टोक झटकते तशी. ह्याच्यात काय मजा आहे हे इतकी वर्षं मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं.

पुढची खुर्ची डॉयलची. पायाखालची छोटी मोटर त्याची, पहिला फेकही त्याचा. मागे बसणाऱ्याला उष्टं पाणी मिळतं. आज होडी दोनदा बुडालेल्या खोडांवर आदळली. "पाणी उतरलंय," म्हणे. मलाही तसंच वाटलं.

आणि सारखे प्रश्न! "माझी कुठे पडली? खोडाच्या कुठल्या अंगाला? चालतेय कशी?" शिकवतोय का परीक्षा घेतोय, कळत नाही. मी सगळं सांगत राहिले. लग्नानंतर एवढं आम्ही क्वचितच बोललो असू. मी खूप सुखात आहे, हे लिहून ठेवते.

शुक्रवार, ७ जून

दोरीचं टोक कापून नवी गाठ मारली. कोबीचं कोलस्लॉ करून ठेवलं. झोप येणार नाही.

शनिवार, ८ जून

सविस्तर लिहिते.

काठावर निम्मं चर्च. पीव्ही नवरा-बायको दोघं एकसारख्या टोप्या घालून, दर वर्षीसारखे. मिसेस पीव्ही माझ्या काठीकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही कुठल्या माळ्यावर सापडली?" मी मान तिरकी करून म्हणाले, "देव तुझं भलं करो, हनी." डॉयल खोकला.

पहिला तास काहीच नाही. वेताच्या बेटाजवळ माझ्या मासोळीमागे पाणी फुगलं. मग फुटलं. हात वर निघाला होता, मी दातांनी धरून ठेवल्यासारखा थांबवला. देव — तुझं — भलं — करो. उचलली. काठी मुठीपर्यंत वाकली आणि वाकलेलीच राहिली! मासा उड्या मारत होता, दोरी ताणत होती, आणि माझी आजीबाईंची काठी प्रत्येक हिसका पोटात घेत होती. डॉयल जाळं घेऊन आला. पहिल्यांदा जाळं माशाच्या हातभर बाजूला घातलं. मी ओरडले, "डावीकडे रे!" मग आला मासा आत. दंडाएवढा.

मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सूर्य टेकताना त्याच्या मासोळीवर झडप आली. अगदी आवाज न करता, पाणी नुसतं आत ओढलं गेलं. तो दुसरीकडेच बघत होता. मी म्हणाले, "तुझी — देव तुझं भलं करो." करो संपता संपता त्याने काठी उचलली, आणि माझ्या माशापेक्षा मोठा मासा लागला. हा माणूस आयुष्यभर पाणी हललं की हिसका द्यायचा, रॉइस त्याला चिडवायचा. आज कसा थांबला! माझ्याबरोबर तोही शिकला म्हणायचं.

तरी दुसरा नंबर. पीव्हींचे मासे जरासे जड भरले, बक्षिसाचं धुरावलेलं हॅम दर वर्षीसारखं त्यांच्याकडे गेलं. घरी येऊन डॉयलने पाटी उपटली, कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावली. हॅम गेलं, होडी राहिली.

रविवार, ९ जून

दुपारी टेक्सासहून रॉइसचा फोन. अभिनंदन केलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नेल्डा, त्याला झडप आल्याचं कसं सांगतेस गं? मी आमेन म्हणायचो. दोन वर्षं झाली, त्याला काठीच्या टोकापलीकडचं पाणी दिसत नाही. मी निघालो तेव्हा त्याने बजावलं होतं, नेल्डाला सांगायचं नाही. पण आता तुला माहीतच असणार."

मी हो म्हणाले.

गुडघा. पाठ भजनं. गाठी. होडीला आदळलेली खोडं. ती थोराड अक्षरांची पाटी. मला राग आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली कढई उगाच पुन्हा घासली.

व्हरांड्यातून त्याने विचारलं, "कोण होतं?"

"रॉइस."

"काय म्हणाला?"

"आमेन म्हणाला."

खुर्ची डुलायची थांबली. मग तो म्हणाला, "उद्या पुढच्या खुर्चीवर तू बस."