पेल्यातलं जेवण

१० एप्रिल १९९५, सोमवार

जबडाच मोडला पोरीचा! दोड्ड बसवण्णाच्या देवळाकडच्या उतारावरून सायकल सोडली, ब्रेक लागला नाही, सरळ विजेच्या खांबावर. डॉक्टरांनी आज वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. तीन-चार आठवडे तोंड उघडायचं नाही. पोटात जे जाईल ते दातांच्या फटीतून, स्ट्रॉनं.

‘घरात हिचं खाणंपिणं कोण बघतं?’ त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले. रूपश्री भिंतीकडे.

मी बघते. डिसेंबरात लग्न होऊन या कानडी शहरात, या घरात आले तेव्हापासून मीच बघते – म्हणजे मी वाढते आणि ती ताट सरकवते. अकरा वर्षांची आहे. आईला जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांच्याशी मुद्दाम कन्नडात बोलते, कारण कऱ्हाडच्या बाईला ते कळत नाही. मला हाक तर तिनं आजवर मारलेलीच नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते.

११ एप्रिल

नुसतं दूध. अर्धा पेला. मग बंद दातांतून – ‘बेड.’ हा शब्द मला येतो. नको. आल्या दिवसापासून ऐकतेय.

१३ एप्रिल

डाळीचं पाणी – बेड. भाताची पेज – बेड. आज तपासणीला नेलं तर वजन उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळायला अंगात ताकद हवी, असंच चाललं तर नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल. ते ऐकून रडली. तोंड न उघडता. असलं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. जवळ घ्यावंसं वाटलं. हात पुढे केला आणि तिची पिशवी उचलली, झालं!

शेजारच्या गंगव्वा डोकावल्या. निपाणीकडच्या, दोन्ही भाषा तोंडात. म्हणाल्या, ‘आजाऱ्याचं जेवण कशाला करतीस गं? मिक्सी आहे ना घरात? पोरीला आवडतंय ते फिरव की!’

काय आवडतं तिला? चार महिने झाले, मला ठाऊक नाही.

१४ एप्रिल

ह्यांना विचारलं. कारखान्याच्या गाडीची वेळ झालेली, बुटाची नाडी बांधत विचार केला. ‘अं... केळं खाते.’ बापाला एवढंच माहीत!

गांधी बाजारातून येलक्की केळी आणली, इथली ती बोटभर छोटी. केळी, दूध, भिजवलेला खजूर, चिमूटभर वेलची. मिक्सी लावली – घर्र! – झाकण बसलंच नव्हतं. भिंत, कॅलेंडर, माझे केस, सगळीकडे केळं. वळून बघते तर दारात रूपश्री. खांदे हलत होते. हसत होती! दुखलं तसा गाल धरला, पण हसतच होती.

उरलंसुरलं पेल्यात ओतून दिलं. संपवलं. बेड म्हणाली नाही.

१७ एप्रिल

आता जमायला लागलंय. रागीचं, म्हणजे आपल्या नाचणीचं, पीठ शिजवून, पूर्ण गार करून, मग ताक आणि जिरं घालून फिरवायचं. आणि गाळायचंच! परवा कण अडकला स्ट्रॉमध्ये, किती वैतागली. जुना मऊ पंचा फाडून ठेवलाय त्यासाठी. दुपारी चिक्कू, दूध, सोललेले बदाम. रात्री उकडलेला बटाटा, गाजर, वर तूप, मिरपूड, कोमट. सगळं वीज जायच्या आत. मिक्सी दोन मिनिटं ओरडते आणि जेवण तयार. आमच्याकडे कऱ्हाडात याला कुणी जेवण म्हटलं नसतं! पण पोरीच्या गालावर रंग येतोय.

आज समोर येऊन उभी राहिली. हातात रिकामा पेला.

१९ एप्रिल

रसपुरी आंबे आले बाजारात. रस, दूध, थोडे काजू. एका दमात संपवलं आणि काहीतरी पुटपुटली. बेड नव्हतं. मी तशीच गंगव्वांकडे. ‘इन्नू स्वल्प म्हणजे काय हो?’

‘आणखी थोडं.’

परत येऊन आंबा कापायला घेतला. डोळ्यांतलं पुसायला हात रिकामा नव्हता.

२२ एप्रिल, शनिवार

ती आत्ता कुठे झोपलीय. तेव्हा लिहिते.

हाव नडली माझी. वजन वाढायला हवं म्हणून आज शेंगदाणे, केळं, रागी, साय – सगळं एकाच पेल्यात. ती बिचारी प्यायलीही. थोड्या वेळानं पोट धरून उठली. डोळे मोठे झालेले. मला कळलं – उलटी! आणि दात बांधलेले.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, उलटी आतच अडकली तर श्वास कोंडेल, तार कापायची कातरी खाटेजवळ ठेवा. हे कारखान्यात. घरात मी एकटी. एका हातात कातरी घेतली, दुसऱ्यानं तिला पुढे वाकवलं. कापू? कापलं तर जुळत आलेलं हाड पुन्हा सुटणार. नाही कापलं तर? तिचं तोंड निळसर दिसायला लागलं. गालात बोटं घालून ओठ बाजूला ओढले आणि ओरडले, ‘नाकानं श्वास घे! खाली वाक! येऊ दे, सगळं येऊ दे!’

आलं. फटींतून, नाकातून, माझ्या पदरात. मग श्वास आला. कातरी लागलीच नाही.

तोंड धुतलं, कपडे बदलले. चादर आणायला उठले तर तिनं साडीची कड घट्ट धरली. ‘होगबेड.’

हे विचारायला मी गंगव्वांकडे गेले नाही. जाऊ नको म्हणाली.

२३ एप्रिल

पाणी आणि मोसंबीचा रस. दिवसभर जवळ बसून होते. तिनं बसू दिलं.

२५ एप्रिल

ह्यांनी फोनवर उलटीचं सांगून टाकलं, तशा आज चंद्राबाई दावणगेऱ्याहून आल्या. रूपश्रीची आजी, आईची आई. नातीचे हात चाचपले आणि मला म्हणाल्या, ‘लेकराला काय पाजलंत तुम्ही?’ पाजलं मीच होतं.

मग ह्यांच्याकडे वळून – ‘तार काढली की हिला घेऊन जाते मी. सुट्टीपुरती नाही. शाळाही तिकडंच बघते.’

हे म्हणाले, ‘रूपाला विचारू या.’

‘लहान लेकराला काय विचारायचं?’

रूपश्री पेल्यात बघत होती.

४ मे

तार काढली! हाड नीट जुळलंय. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. अजून काही दिवस असंच पातळ, मऊ द्या म्हणाले. वजन बघून मान डोलावली. ‘कोणी केलं हे सगळं?’ या वेळी ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं नाही. ‘हिनं,’ म्हणाले. मोठ्यानं.

चंद्राबाईंनी ऐकलं. पण बॅग भरलेली आहे.

६ मे

गेली. रिक्षात बसताना मागं वळून बघितलं नाही. मी मात्र कोपऱ्यापर्यंत बघत राहिले. थर्मासमध्ये चिक्कूचं दूध दिलंय.

ह्यांना म्हटलं, ‘तुम्ही अडवलं का नाही?’ म्हणाले, ‘कोणत्या तोंडानं अडवू? आजी आहे ती तिची.’ मग स्वयंपाकघरात जाऊन किती वेळ उभे होते.

७ मे

मिक्सी लावलीच नाही. दोघांना काय, पोळीभाजी पुरते.

११ मे

गंगव्वांनी भिंतीवरून हाक मारली – फोन आहे! धावत गेले. चंद्राबाई.

‘अगं, ते रागीचं कसं करतीस?’ ना नमस्कार, ना काही. ‘मी केलं तर घोटभर घेऊन ठेवून दिलं. म्हणते, अक्का असं नाही करत. अक्का गाळते. अक्का आधी गार करते. आल्यापासून अक्का, अक्का! कोण गं ही अक्का? तुमच्या शेजारची का?’

‘नाही,’ म्हटलं, ‘मीच असेन.’

पलीकडे त्यांनी रूपश्रीला काहीतरी विचारलेलं ऐकू आलं. मग म्हणाल्या, ‘सरी, बरं. रविवारी आणून सोडते तिला. पण आधी सांग – गार म्हणजे किती गार?’