कोपऱ्यातले नऊ

३ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे खुशाल. वसतिगृहात वेळेवर जेवतेस ना? माझी दहावी गणितावर अडली आहे. हा पेपर सुटला तरच दवाखान्याच्या कपडेखोलीत प्रमुख होण्यासाठी अर्ज करता येईल. नाहीतर आहेतच जन्मभर चादरींच्या घड्या. क्ष² + ६क्ष = ५५ हे पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचंय. डावीकडे नऊ मिळवा, म्हणतात शिकवणीच्या बाई. का, विचारलं तर पाठ करा म्हणतात. मिळवले, पण पंचावन्नचं वर्गमूळ काही केल्या निघेना. तुझे बाबा म्हणतात, आकडाच खोटा असेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

बाबांना सांग, आकडा खरा आहे, त्यांची बायको घाईत आहे! डावीकडे नऊ दिलेस, मग उजवीकडे कोण देणार? आम्हा भावंडांत असा दुजाभाव तू कधी केला नाहीस. आणि नऊच का, ते असं बघ. क्ष बाजूचा चौकोनी कपडा घे. सहा रुंदीची, क्ष लांबीची पट्टी उभी कापून दोन सारखे भाग कर. एक कपड्याच्या उजवीकडे लाव, एक खाली. मग काय कमी पडतं, ते तूच सांग. मी सांगणार नाही.

लोभ वाढव, रागावणं कमी कर.
तुझी ठकू

१४ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

अगं, कोपरा! बाद चादरी कापून कपडेखोलीच्या फरशीवर मांडल्या. तीन बाय तीनचा कोपरा रिकामा. हेच ते नऊ! उजवीकडेही दिले, चौसष्ट झाले, म्हणजे आठाचा वर्ग. आठातून पट्टीचे तीन गेले, क्ष पाच. उणे अकराही येतं, पण बाबा म्हणतात, तसल्या चादरीत पाय कुठे घालायचे? धोबीणबाई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही खाली बसवून समजावलं.

तुझी आई

२० जून

चि. ठकूस पोटभर आशीर्वाद.

सुटलं गं, सुटलं! पेपरात तसलंच गणित आलं आणि डोकं पार कोरं झालं. पद्धत आठवेना. मग समासात चौकोन काढला, पट्ट्या लावल्या, कोपरा भरला आणि पुढचं आपोआप आलं. शंभरात एकोणऐंशी! आज अर्ज द्यायला निघाले आहे. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून नवरदेवासारखे दारात उभे आहेत. अर्धी गल्ली त्यांनी आधीच उठवली आहे.

पुढच्या इयत्तेत कसलं गणित असतं, ते कळव. सोपं करून नको.

तुझी आई